मागची घंटी

मंडीदीपच्या अलीकडे मागची घंटी वाजायची थांबली.

ट्रकमागून ट्रक चालले होते. मान वळवून बघायची सोय नव्हती, कारण मान वळली की माझं हँडल हलतं आणि माझं हँडल हललं की माझ्यामागे येणाऱ्या माणसाचंही हलतं. सायकल कडेच्या मातीत उतरवली, पाय टेकला आणि मग मागे बघितलं. ट्रक होते, ट्रॅक्टर होता, दोन गाई होत्या. माझा नवरा तेवढा नव्हता.

"अहो!" मी ओरडले. गाईंनी बघितलं.

सायकल ढकलत मागे धावले. एक ट्रक कडेला उभा होता, त्याच्या आडोशाला हे उकिडवे बसलेले. हात काळेकुट्ट.

"चेन उतरली होती," हे शांतपणे म्हणाले.

"मग हाक मारायची!"

"मारली. तुला ऐकू गेली नाही."

"आणि घंटी?"

"दोन्ही हात चेनमध्ये होते. घंटी काय नाकाने वाजवू?"

मला हसू यायला नको होतं, पण आलं. मग हसताना रडू येईलसं वाटलं म्हणून मी रागावून घेतलं. बासष्ट वर्षांच्या बाईला हायवेच्या कडेला रडणं शोभत नाही. रागावणं शोभतं.

घंटीचं सांगते. ह्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तसं. बाजूचं सगळं गेलं. डॉक्टरांनी दिवाळीच्या आधी सांगितलं, "स्कूटर, कार, काही चालवायचं नाही." सायकलचं आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे म्हणाले, "रत्ना, वरोऱ्याचं राहिलंच बघ."

वरोरा माझं माहेर. लग्न झालं तेव्हा आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. राजधानी हलली तेव्हा सासरे नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर इथे आलेले, घरात कडक शिस्त. तरी ह्यांनी मला क्वार्टरमागच्या मैदानात सायकल शिकवली. मी पुढे, हे आपल्या सायकलवर मागे, आणि सारखी घंटी वाजवायचे, म्हणजे मागे कोणी आहे हे मला कळावं. मी पडले नाही त्या दिवशी खूश होऊन म्हणाले होते, "एक दिवस तुला सायकलने माहेरी नेतो की नाही बघ!" मग अंबरीश झाला, शाहपुऱ्याला घर बांधलं, स्कूटर आली, ह्यांची नोकरी संपली. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढले ह्यांनी. केसासारख्या बारीक रेषा. आणि आता त्याच डोळ्यांना शेजारून जाणारा ट्रक दिसत नव्हता.

शहाण्या माणसाने असलं काही करू नये हे मलाही कळतं. पण मी हो म्हटलं. मी पुढे, भडक पिवळी ओढणी पाठीवर पिना लावून बसवलेली. हे माझ्यामागे त्या पिवळ्यावर नजर लावून. मी ओरडायचं: "डावीकडे खड्डा! स्पीडब्रेकर! गाडी येतेय, सरळ चला!" आणि ह्यांनी थोड्या थोड्या वेळाने घंटी वाजवायची. म्हणजे: मी आहे.

असे आम्ही बैतूलच्या घाटातून गेलो, मुलताईत तापीत पाय बुडवले, पांढुर्ण्याला संत्री खाल्ली, आणि संक्रांतीला माझ्या माहेरच्या दारात जाऊन उतरलो. आणि आता परत येत होतो. आजचा शेवटचा दिवस. सकाळी ओबेदुल्लागंजहून निघालो होतो.

"चला," मी म्हटलं, "आधी हात धुवा. घरी पोचल्यावर अशा हातांनी कॉलनीच्या मंडळाची शाल घेणार का?"

पुढच्या टपरीवर पोहे-जलेबी घेतली. टपरीवाल्याने सायकली बघितल्या, मागे बांधलेल्या पिशव्या बघितल्या.

"कहाँ से आ रहे हैं बाबूजी?"

"चंद्रपूरच्या बाजूने," हे म्हणाले.

"साइकिल से? इस उमर में? कमाल कर दिया बाबूजी आपने!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अम्मा, थक गई होंगी आप तो. बाबूजी ने बहुत घुमाया."

घुमाया! मी जलेबीचा असा तुकडा मोडला की त्याचं वेटोळं सरळ झालं.

हे असं वाटभर चाललं होतं. जाताना चाललं, येताना चाललं. वरोऱ्याला तर कहर. माझा भाऊ दत्तू, सख्खा भाऊ, त्याने दारात ह्यांचे पाय धुतले आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "जावईबापू, वाघ हो तुम्ही! आमच्या बहिणीला सायकलने माहेरी आणली!" गल्लीने टाळ्या वाजवल्या. हे नुसते हसले. नारळ घेतला, टोपी घेतली, फोटो काढून घेतले. एक शब्द बोलले नाहीत. पांढुर्ण्यापर्यंत मी ह्यांच्याशी फक्त खड्ड्यांपुरतं बोलले.

पांढुर्ण्याला रात्री मी ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते तेव्हा हे आपणहून बोलले. "तू रागावलीस ते बरोबर आहे. पण रत्ना, एक ऐक. अंबरीशला माझ्या डोळ्यांचं कळलं ना, की तो गाडी घेऊन येईल आणि मला मागच्या सीटवर घालून नेईल. ह्यानंतर मी सायकलवर बसणार नाही, शब्द देतो. पण उतरेन तो माझ्या दारात. तोवर कोणाला सांगू नकोस."

मी शब्द दिला. थेंब ओघळून गालावर आला होता, तो ओढणीने पुसला. थेंबच होता, असं मी धरून चालले.

आता चहा संपत होता तोच फोन वाजला. अंबरीश.

"आई, कुठे आहात? मी मिसरोदला येऊन थांबतो."

"कशाला? आम्हाला रस्ता माहीत आहे."

"अगं, ट्रॅफिक बघ ना कित्ती आहे! मिसरोदपासून सायकली गाडीवर टाकू, मस्त आरामात घरी जाऊ. बस हो गया ना आता. तसंही मंडळाच्या लोकांना फोटोच हवेत, कॉलनीच्या तोंडाशी पुन्हा उतरवू."

"कॉलनीच्या तोंडाशी उतरवायच्या?" माझा आवाज चढला. "एवढं सगळं चालवून आलो आणि शेवटी नाटक करायचं? तुझ्या बापाने आयुष्यात कधी नकाशात खोटी रेष ओढली नाही, अंबरीश."

मी फोन बंद केला. हे कप ठेवत म्हणाले, "छान बोललीस."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं, "आणि चष्मा पुसा."

मिसरोदला अंबरीश उभा होताच. गाडीच्या टपावर सायकली बांधायला दोरी आणलेली, म्हणजे पोराने हिंमत सोडली नव्हती. त्याच्याबरोबर मंडळाचा चिटणीस शैलेंद्र, हातात फोन, आमच्याकडे रोखलेला. अंबरीशने मला मिठी मारली, मग ह्यांच्या पाया पडायला वाकला. तो बाजूने आला ते ह्यांना कळलंच नाही. ह्यांचा हात हवेत राहिला. मी पटकन म्हटलं, "अहो, अंबरीश वाकलाय." ह्यांनी हात खाली नेला. अंबरीशने एकदा माझ्याकडे बघितलं.

"बाबा दमलेत," तो म्हणाला.

"अजिबात नाही," हे म्हणाले.

"मग मी तुमच्या मागेमागे गाडी आणतो."

"आण. पण हॉर्न वाजवू नकोस," मी म्हटलं. त्याच्या हॉर्नमध्ये मला घंटी ऐकू आली नसती.

शैलेंद्र उत्साहाने उतू चालला होता. "काका, पूरी तयारी आहे हां! ढोल सांगितलाय. बायका ओवाळायला थांबल्यात. मस्त बॅनर केलंय."

मिसरोदपासून घर हे माझ्या ओळखीचं अंगण. तरी त्या दिवशी तो रस्ता मला नवा वाटला. भाजी घ्यायला, बँकेत, दवाखान्यात, नेहमी कोणाच्या तरी मागे बसून गेले होते मी इथून. आता माझ्या पुढे कोणी नव्हतं. मागे घंटी वाजत होती. हसाल, पण मला पदवी मिळाल्यासारखं वाटत होतं. एका सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, "अम्मा, कहाँ तक?" मी म्हटलं, "घर तक." आणि हिरवा लागल्यावर त्याच्या आधी निघाले.

शाहपुऱ्याचा तलाव दिसला. वळणावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, माणसं जमलेली. ढोल सुरू झाला. दोन खांबांना बॅनर बांधलेलं. त्यावर ह्यांचा हसरा फोटो, भला मोठा, आणि खाली अक्षरं: 'सायकलवीर श्री. शांताराम वैरागडे (सपत्नीक) यांचे हार्दिक स्वागत.'

कंसात होते मी. वाचून माझा पाय पेडलवर थांबला. लग्नपत्रिकेवर सपत्नीक, सत्यनारायणाला सपत्नीक, ते सगळं ठीक आहे हो. पण घाट मी काय कंसात बसून चढले होते का?

शैलेंद्रने पुढे धावत येऊन हात आडवा केला. "थांबा, थांबा! काकू, तुम्ही जरा मागे या. काका, तुम्ही पुढे. बॅनरपासून घरापर्यंत मस्त एंट्री घेऊ. व्हिडिओ नीट आला पाहिजे."

"आम्ही असेच येतो," मी म्हटलं. "असेच आलोय."

"काय काकू! मुख्य पाहुणे मागे कसे राहतील? दोन मिनिटांचं तर काम आहे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. काहीतरी निमित्त सांगतील: पाय दुखतोय, चेन सैल आहे, काहीही. ह्यांनी बॅनरच्या दिशेने बघितलं. आपला फोटो त्या नळीत बरोबर सापडला असावा. मान ताठ झाली. आणि हे पेडल मारून माझ्या पुढे गेले.

खरं सांगते, त्या क्षणी मला इतका संताप आला की मी तशीच उभी राहणार होते. जा, म्हणावं. पडा. पण जीभ कुठली ऐकते? "सरळ!" मी ओरडले आणि मागे निघाले. "सरळ चला! स्पीडब्रेकर आहे!"

गल्ली हसली. "काकू, आज तरी सोडा काकांना!" कोणीतरी म्हणालं. मंडळाच्या मालतीबाई ताट घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. "सगळ्यांच्या घरी हेच!"

"डावीकडे माणूस आहे! अहो, डावीकडे!"

ढोलवाला नाचत नाचत डावीकडून आत येत होता. उजवीकडून शैलेंद्र फोन डोळ्यांसमोर धरून उलटा चालत होता. दोघांमधून एक सायकल जेमतेम गेली असती, पण ज्याला दोघंही दिसत नाहीत त्याने कसं जायचं? ह्यांचं हँडल ढोलाला घासलं. सायकल हलली. समोर मालतीबाई, ताटात पेटलेलं निरांजन.

ह्यांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि पाय टेकला. मालतीबाईंच्या ताटापासून हातभर अंतरावर.

लोकांना वाटलं, एंट्री झाली. टाळ्या पडल्या. ह्यांनी हात वर केला. "ढोल थांबवा जरा."

ढोल थांबला.

"मला दिसत नाही," हे म्हणाले. ऑफिसात एखादी चूक कळवावी तसं, साध्या आवाजात. "म्हणजे समोरचं थोडं दिसतं. बाजूचं काही नाही. शैलेंद्र, तू आत्ता कुठे उभा आहेस मला माहीत नाही. इथून वरोऱ्यापर्यंत आणि वरोऱ्याहून इथपर्यंत मी हिच्या ओढणीमागे आलो. घाटात, हायवेला, सगळीकडे. हिने आणलं म्हणून आलो. लोक माझ्या गळ्यात हार घालत होते आणि मी घालून घेत होतो. लाज वाटायला हवी होती, ती आज वाटली." मग मागे मान न वळवता म्हणाले, "रत्ना, पुढे हो. तू पुढे झाल्याशिवाय मला घर सापडायचं नाही."

शैलेंद्रने फोन खाली घेतला. गाडीचं दार उघडं टाकून अंबरीश धावत आला आणि त्याने ह्यांचं हँडल धरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, उतरा. आधी खाली उतरा."

"दारात उतरेन."

"बाबा, प्लीज..."

"अंबरीश," मी म्हटलं, "हात काढ."

ह्या आवाजात मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. त्याने हात काढला.

मी सायकल पुढे घेतली. ओढणी पाठीवर नीट केली. गर्दी आपोआप दोन्ही बाजूंना झाली. "सरळ," मी म्हटलं, आता ओरडायची गरज नव्हती. "पुढे रांगोळी आहे, जाऊ द्या वरून. आता डावीकडे. लिंबाचं झाड. आपलं फाटक." मागे घंटी वाजत होती. ढोल नव्हता म्हणून गल्लीत तेवढी एकच वाजत होती. माझी छाती अशी भरून आली, अशी भरून आली, की काय सांगू! वरोऱ्यातल्या टाळ्यांनी झालं नव्हतं ते त्या घंटीने झालं.

फाटकापाशी मी उतरले. मग हे उतरले. सीटवर एकदा हात ठेवला, आणि सायकल आपणहून अंबरीशच्या हातात दिली.

शाल एकच आणलेली होती. श्रुतीने, माझ्या सुनेने, ती मालतीबाईंच्या हातून घेतली आणि माझ्या खांद्यांवर घातली. नारळ ह्यांच्याकडे गेला. कोणी ठरवलं नाही, पण तसं झालं. शैलेंद्र माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "काकू, बॅनर चुकलंच."

"पुढच्या वेळी नीट कर," मी म्हटलं. पुढची वेळ नव्हती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माणसं घरात आली, चहा झाला, पुन्हा चहा झाला, लोक पांगले. अंबरीश स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"तू मला सांगितलं नाहीस, आई."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

"बिल्कुल नाही!"

"म्हणून."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बैतूलचा घाट तू उतरवलास त्यांना?"

"मीच."

"मी गाडीने उतरतो तेव्हा मला भीती वाटते," तो म्हणाला, आणि लहानपणी डोकं टेकायचा तसं त्याने माझ्या खांद्यावर, त्या शालीवर, डोकं टेकलं. मी त्याला रडू दिलं. त्याचा रागही त्यातच होता.

बाहेर खडखड आवाज येत होता. ह्यांची सायकल जिन्याखाली कुलूप लावून ठेवली होती आणि हे तिथे पाना घेऊन काहीतरी करत होते. कुलूप तोडतात की काय म्हणून मी बघून आले. तसं काही नव्हतं. चाचपून चाचपून एक नट सैल करत होते. म्हटलं, करू दे.

दिवेलागणीला बघते तर घरात दुधाचा थेंब नाही. आल्यागेल्याने सगळं चहात संपवलेलं.

"मी आणतो गाडीने," अंबरीश म्हणाला.

"डेअरी तलावापाशी तर आहे. मी आणते सायकलने," मी म्हटलं. कोणी नाही म्हणालं नाही.

सायकल काढली. पिवळी ओढणी अजून अंगावरच होती. फाटकातून बाहेर पडले, लिंबाचं झाड मागे टाकलं. "उजवीकडे खड्डा," मी म्हटलं. अगदी मोठ्याने म्हटलं. आणि मग लक्षात आलं की मागे कोणी नाही.

पाय पेडल मारत होते, पण कान मागेच राहिले होते. मंडीदीपलाही घंटी अशीच थांबली होती. तिथे ट्रकच्या आडोशाला सापडले होते. इथे कुठे शोधायचं? ह्यापुढे दूध आणायचं, भाजी आणायची, बँकेत जायचं, ते सगळं असंच, मागे घंटीशिवाय.

वळणापाशी आले आणि मागून आवाज आला. ट्रिंग ट्रिंग.

मी पाय टेकला, मान पूर्ण वळवली. आता वळवायला हरकत नव्हती. फाटकात हे उभे होते. एक हात फाटकावर, दुसऱ्या हातात सायकलची सोडवलेली घंटी. एवढ्या अंधुक उजेडात मी ह्यांना दिसत असेन असं वाटत नाही. मी जिथे असेन त्या अंदाजाने तोंड करून वाजवत होते. थांबले, पुन्हा वाजवली.

मी माझी वाजवली आणि दूध आणायला गेले.